लाइनवर गर्दी आहे

त्या वर्तमानपत्राच्या ऑफिसात यंत्रं सांभाळणाऱ्यांच्या दोन जमाती होत्या: लाइनवाले आणि डिस्कवाले. एका इमारतीतून दुसरीकडे माहिती वाहून नेणाऱ्या तारा, त्यांची दुखणीखुपणी, हे लाइनवाल्यांकडे. वाहून आलेली माहिती जिथे मुक्काम करते त्या डिस्क आणि त्यांची कपाटं डिस्कवाल्यांकडे. एकमेकांवाचून दोघांचंही पान हलत नसे, पण मोजमापाचा विषय निघाला की जुंपलीच म्हणून समजा. लाइनवाले मोजत बिटांत, डिस्कवाले बाइटांत, आणि आठ बिट मिळून होतो एक बाइट.

"आकडा गुबगुबीत दिसावा म्हणून तुम्ही सुटे मोजता," डिस्कवाले म्हणत. "आम्ही आपले आठाआठाचे पुडे बांधतो आणि प्रामाणिकपणे मोजतो."

ही थट्टा करण्यात तबकडी सगळ्यांच्या पुढे. त्यालाही आईबापांनी ठेवलेलं नाव होतं, पण सारा जन्म गोल फिरणाऱ्या डिस्कच्या सेवेत चाललेला, म्हणून कोणीतरी तबकडी म्हटलं आणि ते चिकटलं ते चिकटलंच. त्यानेही उट्टं काढलं. लाइनच्या खात्यात ज्या बाई होत्या, त्यांचं त्याने नाव ठेवलं ताराबाई. तारांमधली म्हणून तारा. आठवड्याभरात शिपायापासून मोठ्या साहेबांपर्यंत सगळे तिला ताराबाई म्हणू लागले, आणि एकदा तर घरी नवऱ्यानेही फोन घेऊन "ताराबाई, तुमचा फोन" अशी हाक मारली. तिला राग आला नाही. तबकडीचा राग येणं कठीणच होतं. मोठ्याने हसणारा, कामाला वाघ, आणि दुसऱ्याचं अडलं की आपलं काम बाजूला ठेवून धावणारा.

त्या वर्षी ऑफिसने जुनी इमारत सोडायची ठरवली. माणसं, टेबलं, खुर्च्या नव्या जागेत गेल्या. मागे राहिलं फक्त छायाचित्रांचं कपाट. वर्तमानपत्राने आजवर छापलेले आणि न छापलेले सगळे फोटो त्याच्या डिस्कवर होते. कपाट म्हातारं झालं होतं. उचलून गाडीत घातलं तर धक्क्याने डिस्क जातील अशी सगळ्यांना धास्ती. म्हणून ठरलं की फोटो लाइनवरूनच नव्या इमारतीत आणायचे, शनिवारी. लागलाच तर रविवार हाताशी होता, आणि सोमवारी किल्ल्या मालकाला परत द्यायच्या होत्या.

एक अडचण होती. कपाट मधूनमधून अडकायचं. कॉपी चालू असताना अडकलं आणि लगेच कळ दाबून जागं केलं नाही, तर सगळं पहिल्यापासून. म्हणजे कॉपी संपेपर्यंत कोणीतरी तिथे बसायलाच हवं, आणि ते कपाट तबकडीशिवाय कोणाचं ऐकत नसे.

शुक्रवारी संध्याकाळी ताराबाई पर्स खांद्याला लावून निघालीच होती, तेवढ्यात तबकडीचा फोन आला.

"ताराबाई, उद्या साधारण किती वेळ लागेल हो? आईला बघायला जायचंय. सकाळी काम उरकलं तर तिथेच दिवसभर बसेन म्हणतो."

त्याची आई आठवडाभर इस्पितळात होती. अर्धं अंग गेलं होतं, बोलणं बंद होतं. डॉक्टर म्हणत होते, स्थिर आहे. शहराच्या दुसऱ्या टोकाच्या त्या इस्पितळात तबकडीची थोरली बहीण रात्रंदिवस आईच्या उशाशी होती.

ताराबाईने समोरच्या फळ्याकडे पाहिलं. फळ्यावर तिनेच सकाळी तीन आकडे लिहिले होते. फोटो एकशेवीस गीगाबाइट. कपाटाच्या डिस्कचा वेग तेहेतीस. लाइनचा वेग चौतीस. तेहेतीस आणि चौतीस, अगदी जोड्याने शोभणारे आकडे. एकाने दिलं की दुसरा उचलणार, कुठे तुंबायचा प्रश्नच नाही. तिने मनातल्या मनात भागाकार केला.

"तास," ती म्हणाली. "फार तर सव्वा."

"जियो!" तबकडी म्हणाला. "मग नऊला सुरू करतो. अकरापर्यंत आईपाशी."

फळ्यावर तिने वेगाच्या आकड्यांपुढे एकक लिहिलं नव्हतं. डिस्कचे तेहेतीस होते मेगाबाइट, आणि लाइनचे चौतीस होते मेगाबिट. तेहेतीस पुडे आणि चौतीस सुटे. नव्याने लागलेल्या प्रत्येकाला हा फरक पहिल्या दिवशी शिकवणारी बाई ती. पण पर्स खांद्याला होती, डोकं घरी पोचलं होतं, आणि दोन आकडे शेजारीशेजारी इतके सारखे दिसत होते.

शनिवारी नऊला कॉपी सुरू झाली. तबकडी जुन्या इमारतीत कपाटापाशी, ताराबाई नव्या इमारतीत पडद्यापुढे. तिला तिथे खरं तर काही काम नव्हतं. फोटो येताना दिसतायत एवढं बघायचं. मोठे साहेबही आले होते, चहाचा कप हातात धरून येरझारा घालत होते, कारण फोटोंचं त्यांना वेड होतं.

दहा वाजले तरी पडद्यावरची पट्टी जेमतेम हलली होती. तिने लाइन तपासली. लाइन ठणठणीत, भरून वाहत होती. मग तिने वेग पाहिला, सेकंदाला चार मेगाबाइटच्या थोडा वर. चौतीस भागिले आठ. तासाचं काम आठ तासांचं होतं. पाच वाजतील.

आता सांगून टाकायचं, एवढंच काम होतं. फोन उचलायचा, म्हणायचं की माझा हिशोब चुकला, बंद करा, उद्या करू, तुम्ही आईकडे जा. तिने फोनकडे हात नेला आणि तो तसाच टेबलावर ठेवला. कपाट ठेवलेल्या खोलीत फोनला रेंज नसते, ती मनाशी म्हणाली. तो बाहेर आला की सांगू.

अकराला तो बाहेर आला. जिन्यात उभं राहून त्याने फोन लावला.

"काय हो ताराबाई, तुमची लाइन झोपली की काय?"

साहेब नेमके तिच्या खुर्चीच्या मागे उभे होते. चहाचा वास येत होता.

"लाइनवर गर्दी आहे," ती म्हणाली. "कंपनीकडूनच. सुटेल आता अर्ध्या तासात."

"नक्की? नाहीतर मी—"

"सुटेल हो."

"बरं," तो म्हणाला. "मग बसतो. एकदा अडकलं होतं मघाशी, पण उठवलं म्हातारीला." कपाटाला तो म्हातारी म्हणायचा. मग क्षणभर थांबून, आपण काय बोललो ते ऐकू आल्यासारखा, म्हणाला, "ठेवतो."

साहेब मागून म्हणाले, "गर्दी? शनिवारी?"

"असते कधीकधी," ती म्हणाली.

एकदा बोललेलं खोटं मग सांभाळावं लागतं. बाराच्या सुमाराला तिला वाटलं, आपणच जावं. जुनी इमारत अर्ध्या तासावर. तबकडीकडून कळ कशी दाबायची ते शिकून घ्यावं, त्याला मोकळं करावं. ती उठली, पर्स घेतली, आणि साहेबांनी विचारलं, "निघालात? काही गडबड आहे का?" ती म्हणाली, "छे छे," आणि पुन्हा बसली. साडेबाराला तबकडीचा फोन आला तेव्हा तिने पुन्हा तेच सांगितलं, या खेपेला जरा सरावाने. त्याने काही विचारलं नाही. लाइन तिची होती. ती म्हणते म्हणजे असेल गर्दी.

चारच्या आसपास तो पुन्हा जिन्यात आला तेव्हा फोनवर बहिणीच्या हुकलेल्या कॉलची रांग लागलेली होती. दुपारी दोननंतर थोड्या वेळाने आई गेली होती.

त्याने ताराबाईला फोन केला. आवाज सपाट होता.

"आई गेली. मी निघतोय. कपाट तेवढं..."

"जा तुम्ही," ती म्हणाली. "जा, जा."

शेवटचा तासभर कपाटापाशी कोणीही नव्हतं, आणि ते एकदाही अडकलं नाही. पाचला कॉपी पूर्ण झाली. साहेबांनी टाळी वाजवली, आणि मग आठवून हात खाली घेतला.

चार दिवसांनी ऑफिसातली काही माणसं तबकडीच्या घरी भेटायला गेली. ताराबाईही गेली. न जाणं तिला जमलं नसतं, आणि जाणंही धड जमत नव्हतं. दोन खोल्यांचं घर, चपलांचा ढीग दाराबाहेर. तबकडी भिंतीला टेकून बसला होता. दाढी वाढलेली, येणाऱ्या प्रत्येकाला "बसा" म्हणत होता. थोरल्या बहिणीनेच सगळ्यांना पाणी दिलं. ताराबाईच्या हातात पेला देताना तिने विचारलं, "तुम्ही त्या लाइनवाल्या ना? हा सांगत होता. त्या कंपनीने घात केला हो. नेमकी त्याच दिवशी गर्दी व्हायची होती." मग खाली बसत म्हणाली, "तशी आई सकाळपासून गुंगीतच होती. कोणाला ओळखत नव्हती. पण हा असता तर मला बरं झालं असतं. एकटी होते मी."

ताराबाई पाणी प्यायली. आता सांगावं, तिला वाटलं. पण इतक्या लोकांत, त्या खोलीत, आपलं ओझं यांच्या अंगावर कसं टाकायचं? ते खरंही होतं, आणि ती पळवाटही होती. ती उठली, "येते" म्हणाली, आणि तबकडीने मान हलवली.

रात्रीचं जेवण झाल्यावर तिने नवऱ्याला सगळं सांगितलं. नवरा शाळेत भूगोल शिकवायचा, शांत स्वभावाचा माणूस. त्याने नीट ऐकून घेतलं आणि म्हणाला, "तू डॉक्टर आहेस का? तू काय त्या बाईंना मारलंस? हिशोब कोणाचाही चुकतो."

"हिशोबाचं नाही म्हणत मी."

"मग?"

"अकरा वाजता त्याने विचारलं होतं," ती म्हणाली. "मला माहीत होतं, आणि मी खोटं बोलले."

तो भांडी उचलायला लागला. तिला वाटलं, याने निदान रागवावं तरी.

पुढच्या आठवड्यात साहेबांनी बैठक बोलावली. छायाचित्रं सुखरूप आली म्हणून सगळ्यांचं कौतुक झालं, आणि मग साहेब म्हणाले, "पण तासाच्या कामाला आठ तास? लाइनच्या कंपनीला खरमरीत पत्र धाडू या. एका माणसाला आईचं शेवटचं दर्शन झालं नाही यांच्यामुळे. ताराबाई, मसुदा तुम्ही करा."

"पत्र नको," ती म्हणाली. "कंपनीची चूक नाही. लाइन व्यवस्थित होती. मी मेगाबिटला मेगाबाइट धरलं. तेहेतीस नि चौतीस एकाच मापाचे समजले."

मग कोणीतरी फिसकन हसलं.

"अहो ताराबाई, तुम्ही?" साहेब म्हणाले, आणि त्यांनाही हसू आवरेना. "आठाचा पाढा विसरलात?"

मग सगळेच हसले, दुष्टपणाने नव्हे, सुटकेने. बैठक लांबणार नाही म्हणून. डिस्कवाल्यांपैकी एकाने "सुटे आणि पुडे!" म्हणून टेबलावर थाप मारली. ताराबाईही हसली. क्षणभर छाती हलकी झाली, आणि त्या हलकेपणाची तिला किळस आली. कारण तिने अर्धंच सांगितलं होतं. हिशोबाची चूक चारचौघांत सांगायला सोपी निघाली. अकरा वाजताचा फोन तिने गिळला होता.

संध्याकाळपर्यंत आठाच्या पाढ्याचा विनोद मजल्यामजल्यावर फिरला. लिफ्टमध्ये एकाने तिला "आठ साते?" म्हणून विचारलं. तेव्हा तिच्या लक्षात आलं. तबकडी सोमवारी कामावर येणार होता. आईची शेवटची भेट का हुकली ते त्याला लिफ्टमध्ये, विनोद म्हणून कळणार होतं.

सोमवारी ती सगळ्यांच्या आधी येऊन फाटकापाशी उभी राहिली. तबकडी सायकलवरून उतरला. दाढी केलेली, गाल आत गेलेले.

"तुमच्याशी बोलायचंय," ती म्हणाली. "वर जायच्या आधी."

दोघं इमारतीच्या मागे गेले, जिथे जुन्या खुर्च्यांची रास पडली होती. कोणीही बसलं नाही. तिने आधी हिशोबाचं सांगितलं. फळा, दोन आकडे, पर्स खांद्याला. त्याने ऐकून घेतलं.

"हं," तो म्हणाला. "घरी बसून मनात आलं होतं. आठ तास म्हणजे बरोबर आठपट, इतकी नेमकी गर्दी कशी झाली? मग म्हटलं, जाऊ दे. ताराबाईंचा हिशोब चुकायचा नाही."

"चुकला."

"होतं असं," तो म्हणाला, आणि वळायला लागला.

तिला आतून कोणीतरी म्हणालं, झालं, सुटलीस. ती म्हणाली, "थांबा. अजून आहे. मला दहा वाजताच कळलं होतं. तुम्ही अकराला फोन केलात तेव्हा मला माहीत होतं की पाच वाजणार. गर्दीबिर्दी काही नव्हती. साहेब मागे उभे होते. मला लाज वाटली, म्हणून मी तसं बोलले. साडेबारालाही."

तबकडीने सायकलच्या मुठीवरचा हात काढला, पुन्हा ठेवला.

"अकराला?" तो म्हणाला.

"हो."

"मी विचारलं होतं. नक्की का, म्हणून विचारलं होतं मी."

"हो."

"अकराला निघालो असतो तर बाराच्या आत तिच्यापाशी होतो."

त्याचा चेहरा लाल झाला आणि मग पांढरा. तो ओरडेल असं तिला वाटलं, आणि ओरडावं असंही वाटलं. पण तो अगदी हळू आवाजात म्हणाला, "हिशोब चुकला त्याचं मला काही नाही. चूक माझ्याकडूनही होते. पण तुम्ही मला बसवून ठेवलंत. माहीत असून." आणि सायकल ढकलत निघून गेला.

त्यानंतर तो तिच्याशी कामापुरतं बोलू लागला, तेही शक्यतो दुसऱ्याच्या तोंडून. विनोद आपोआप विझला, कारण तबकडी खोलीत आला की कोणाला हसायचा धीर होईना. ताराबाई वेळेवर यायची, वेळेवर जायची, जेवणाचा डबा आपल्या टेबलावरच उघडायची. नोकरी सोडावी असं तिच्या मनात येऊन गेलं. पण सोडून जाणं म्हणजे पुन्हा एकदा उठून पळणंच झालं असतं.

दोनेक आठवड्यांनी, दुपारच्या वेळी, तबकडी स्वतःच तिच्या टेबलाशी आला. खुर्ची ओढली आणि तिच्याकडे न बघता बसला.

"एक सांगायचंय. उत्तर देऊ नका."

तिने मान हलवली.

"आई गेल्यापासून मला झोप नव्हती," तो म्हणाला. "सगळे म्हणत होते लाइनची चूक, कंपनीची चूक. पण मला ठाऊक होतं, मी उठून जाऊ शकत होतो. दार उघडंच होतं की. कपाट अडकलं असतं तर अडकलं असतं, दुसऱ्या दिवशी केलं असतं. फोटोच होते. मी आईपेक्षा फोटोंपाशी बसलो. का बसलो? कारण इस्पितळात मला भीती वाटायची. ती बघायची माझ्याकडे आणि बोलता यायचं नाही तिला. तुम्ही अर्धा तास म्हणालात तेव्हा, खरं सांगू, बरंच वाटलं होतं मला. अजून अर्धा तास जायला नको म्हणून."

बाजूच्या खोलीत कोणाचा तरी फोन वाजून बंद झाला.

"हे ताईलाही सांगितलेलं नाही. रोज रात्री हेच डोक्यात. आणि मग तुम्ही फाटकापाशी येऊन ते अकरा वाजताचं सांगितलंत. त्या दिवसापासून मला झोप लागते."

ताराबाईने चमकून वर पाहिलं.

"कारण आता राग धरायला दुसरं कोणीतरी आहे," तबकडी म्हणाला. "इतके दिवस मी एकटाच होतो. त्यामुळे माफबिफ मी तुम्हाला इतक्यात करणार नाही. मला गरज आहे त्या रागाची. पुढे कधी संपला तर संपला. तोवर चालेल तुम्हाला?"

उत्तर देऊ नका असं तो म्हणाला होता, पण आता विचारत होता.

"चालेल," ती म्हणाली. ती रडली असती तर तो राग पुन्हा त्याच्याकडेच परतला असता, हे तिला कळत होतं. म्हणून ती रडली नाही.

तो उठला, खुर्ची होती तिथे ठेवली आणि गेला.

दुसऱ्या दिवशीच्या बैठकीत ताराबाईने नव्या तारांचा आराखडा मांडला. तबकडीने तो पानोपान उलटला आणि एका कोपऱ्यातली बारीकशी चूक काढून तिचे चारचौघांत वाभाडे काढले. आवाज चढवून, हात हलवून. साहेबांनाही ते जरा अतीच वाटलं. "अहो, एवढं काय झालंय त्यात?" ते म्हणाले. बाकीचे खाली मान घालून बसले.

"बरोबर आहे त्यांचं," ताराबाई म्हणाली, आणि पेन्सिल काढून तिथल्या तिथे ते पान दुरुस्त करायला घेतलं.